बिनतारी खेळगाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे फार सैलपणें वापरला जातो. काळ्या पाषाणाचीं जुनीं देवळें ऑइलपेंटाच्या निळ्या-गुलाबी लेपाखालीं गडप झालेलीं आपण गांवोगांवीं पाहतों, आणि त्या लेपासहि जीर्णोद्धार हेंच नांव दिलेलें असतें. जुन्या प्रार्थनामंदिरांतील सागवानी बांकें काढून तेथें प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, तोहि उद्धारच! वस्तु जुनी झाली म्हणजे तिचें जुनेपण झांकून टाकणें किंवा तिला घराबाहेर काढणें, एवढे दोनच उपाय आपणांस ठाऊक आहेत कीं काय, अशी शंका येते. तिसरा एक उपाय आहे. वस्तु उघडावी, तिची रचना समजून घ्यावी, आणि तींत जेवढें बिघडलें असेल तेवढेंच नीट करावें. या उपायाकडे विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधावें म्हणून आम्ही येथें एका खेळण्याचें उदाहरण घेत आहों. खेळण्याचें नांव ऐकून कोणी हंसूं नये. देवळाच्या दगडास हात लावण्याचा अधिकार शाळकरी मुलास कोणी देणार नाहीं. खेळगाडीस हात लावण्याचा अधिकार मात्र त्याचाच आहे.

हें खेळणें म्हणजे दुरून, तारेवांचून चालवितां येणारी लहानशी मोटारगाडी. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आर. सी. कार’ म्हणतात. तारेवांचून यंत्र हांकण्याची युक्ति बरीच जुनी आहे. निकोला टेस्ला या संशोधकानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्यांत एक छोटी नाव सोडली, आणि स्वतः दूर उभें राहून विद्युल्लहरींच्या योगानें ती चालवून दाखविली. ही युक्ति मुलांच्या हातीं येण्यास मात्र पुढें सुमारें सत्तर वर्षें लागलीं. जपानांतील शिझुओका शहरीं तामिया नांवाची एक कंपनी आहे. १९४६ सालीं ती निघाली तेव्हां तिचा धंदा लांकडाचा होता. त्यांतून लांकडी नमुने, लांकडी नमुन्यांतून प्लास्टिकचे नमुने, असा तिचा प्रवास झाला. पोर्शे गाडीचा नमुना अचूक उतरावा म्हणून या मंडळींनीं एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली व तिचे भाग सुटे करून पाहिले. १९७६ सालीं त्यांनीं पोर्शे ९३४ ही आपली पहिली बिनतारी मोटार बाजारांत आणली. पुढें १९८४ सालीं ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा, या नांवाची एक साधी गाडी निघाली. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढें माप, मागील दोन चाकांस गति, पांढऱ्या प्लास्टिकचें अंग, पुढें उघड्या स्प्रिंगा. नवशिक्यांकरितां काढलेली ही गाडी जगभर पसरली. आपल्याकडे त्या काळीं असल्या वस्तु दुकानांत सहसा दिसत नसत. ज्यांचे आप्त जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीस होते, त्यांच्या घरीं एखादी येऊन पडे. तीं मुलें आज पालक झालीं आहेत, आणि त्यांच्या माळ्यावरील खोक्यांत अजून कोठें कोठें नाकतोडा निजलेला आहे.

या गाडीची एक गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून आमचें पुढील म्हणणें समजणार नाहीं. ती गाडी म्हणून विकली जात नसे. पेटी उघडली म्हणजे आंत गाडीचे अवयव निघत: सांच्यांतून काढलेले प्लास्टिकचे भाग, दांतेरी चाकें, स्प्रिंगा, पिशव्यांत मोजून भरलेले स्क्रू, आणि पायरीपायरीनें चित्रें देणारी एक पुस्तिका. बिनतारी संच व बॅटरी निराळी घ्यावी लागे. मग मुलानें किंवा मुलीनें जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, पुस्तिकेंतील चित्रांवर बोट ठेवून, ती गाडी जोडावयाची. जो चालविणार त्यानेंच बांधावयाची, असा हा नियम होता. चाळीस वर्षांनीं आज ती दुरुस्त होऊं शकते याचें कारणहि तेंच. बारा वर्षांच्या हातांनीं ती जोडतां यावी अशा बेतानें ती घडविली होती. म्हणून बारा वर्षांच्या हातांनीं ती उघडतांहि येते.

मध्यंतरी आमच्या पाहण्यांत अशी एक गाडी आली. एका विद्यार्थ्यानें आपल्या वडिलांची गाडी माळ्यावरून काढून आणली होती. चाकें फिरत होतीं, पण जीव नव्हता. वडिलांचें म्हणणें, ती स्वच्छ रंगवून कांचेच्या कपाटांत ठेवावी. मुलाचें म्हणणें, ती धांवली पाहिजे. आणि त्यासाठीं आंतील सर्व जुनें काढून नवी मोटर, नवी लिथियम बॅटरी व नवा संच बसवावा. आमचें मत या दोघांहून निराळें पडलें. तें कां पडलें हें सांगण्यासाठीं गाडीच्या आंत थोडें शिरावें लागेल.

प्रथम स्क्रू. जपानी स्क्रूच्या माथ्यावरील फुली आपल्या बाजारांतील नेहमींच्या फिलिप्स पेचकसाच्या टोकाशीं तंतोतंत जुळत नाहीं. जोर लावला कीं पेचकस खांचेंतून वर उसळतो, फुलीचे कांठ झिजून तेथें गोल खड्डा होतो, आणि मग तो स्क्रू कोणाच्या बापाला निघत नाहीं. जपानी मापाचा, जे. आय. एस. म्हणतात तो, पेचकस मिळवावा; नुसत्या एवढ्या काळजीनें अर्धें काम सुखरूप पार पडतें. दुसरी गोष्ट, स्क्रू परत लावण्याची. प्लास्टिकमध्यें स्क्रूनें पहिल्या वेळीं आपले आटे स्वतः कापलेले असतात. तो परत लावतांना एकदम सुलट पिळला तर नवे आटे पडतात, दोन-चार वेळां असें झालें कीं भोंक सैल होतें. म्हणून स्क्रू भोंकावर ठेवून प्रथम हलकेच उलट फिरवावा. बोटांस एक बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तो जाणवला कीं स्क्रू जुन्या आट्यांच्या तोंडाशीं आला. आतां सुलट फिरवावा, आणि घट्ट वाटतांच थांबावें. ही युक्ति प्लास्टिकांत बसणाऱ्या सर्वच स्क्रूंना लागू आहे, मग तो मिक्सरचा असो कीं टेबलफॅनचा.

मग सेल. जुन्या खेळगाड्या मारणारा मुख्य शत्रु चालविणारा नसून विसरणारा होय. ट्रान्समीटरमध्यें राहिलेले सेल कालांतरानें पाझरतात व पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. पुष्कळ लोक ती पाहतांच खाण्याचा सोडा घेऊन धांवतात. येथें थोडें रसायनशास्त्र आठवावें. अल्कलाइन सेलमधून, तसेंच निकेल-कॅडमियम बॅटरीमधून, जें पाझरतें तें पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्क. अल्कावर सोडा घालून काय होणार? तेथें लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांत बुडविलेला कापसाचा बोळा हवा. उलट साध्या जुन्या झिंक-कार्बन सेलमधील स्राव आम्ल असतो; तेथें सोडा योग्य. म्हणजे आधीं सेलवरील अक्षरें वाचावीं, मग हात घालावा, तोहि हातमोजा घालून. नंतर पट्ट्या स्वच्छ पाण्याच्या ओल्या बोळ्यानें पुसून पूर्ण वाळवाव्या, आणि काळे पडलेले भाग खोडरबरानें घांसावे. खोडरबर न पुरला तरच बारीक पॉलिश पेपर. आमच्याकडे आलेल्या ट्रान्समीटरचा सर्व रोग एवढाच होता. वीस वर्षें जो संच ‘मेला’ म्हणून पडून होता, तो अर्ध्या लिंबानें उठला.

गाडींतील मूळ बॅटरी निकेल-कॅडमियमची असते: सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, मिळून ७.२ व्होल्ट. ती बहुधा कायमचीच गेलेली असते. तिला फोडूं नये. कॅडमियम हें विष आहे. भंगारवाल्यास किंवा कचरापेटींत न देतां ती बॅटरी-कचरा घेणाऱ्या केंद्रांत पोंचवावी. आपल्या देशांत २०२२ सालीं याविषयीं नियमहि झाले आहेत. तिच्या जागीं त्याच मापाची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी बसते, कारण तिच्याहि सेलचा दाब १.२ व्होल्टच असतो. लिथियम बॅटरीचा मुलाचा आग्रह आम्हीं मोडला तो येथें. नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बॅटरी ठराविक पातळीखालीं उतरूं लागली कीं प्रवाह तोडतो. जुन्या नाकतोड्यांत तशी सोय नाहीं. तो बॅटरी अगदीं तळापर्यंत पिऊन टाकील. लिथियम सेल असा रिकामा झाला कीं बिघडतो, आणि बिघडलेला लिथियम सेल पुन्हां चार्ज करणें म्हणजे घरांत आगीस बोलावणें होय.

या जुन्या गाडीचा वेग बदलण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. एक लहान सर्व्हो मोटर एक दांडा फिरविते. त्या दांड्याचीं टोकें तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकतात. मंद चालीच्या वेळीं वीज एका रोधकांतून जाते, पूर्ण चालीच्या वेळीं थेट मोटरला मिळते. मंद चालींत वांचलेली शक्ति कोठें जाते? रोधकांत उष्णता होऊन जाते. हाताला चटका बसण्याइतका तो तापतो. दहावीच्या पुस्तकांतील ओहमचा नियम येथें डोळ्यांनीं दिसतो, बोटांनीं कळतो. हा भाग काढून त्या जागीं बंद काळी डबी बसविली तर गाडी अधिक चांगली धांवेल हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु मग त्या डबींत काय चाललें आहे हें मुलास कधींहि दिसणार नाहीं.

मोटरीच्या बाबतींतहि असेंच एक मर्म आहे. गाडी चालूं लागली, पण पुढचीं चाकें थरथरूं लागलीं व ती मधूनच भलतीकडे वळूं लागली, तर पुष्कळ जण रिसीव्हर बिघडला असें समजून तो फेंकून देतात. दोष बहुधा मोटरीच्या पाठीवर असतो. मोटरीच्या ब्रशांपाशीं ठिणग्या उडतात, आणि ठिणगी ही स्वतःच एक बारीक प्रक्षेपण केंद्र आहे. हर्ट्झ यानें १८८७ सालीं ज्या विद्युल्लहरी प्रथम उत्पन्न केल्या त्या ठिणगीपासूनच. त्या लहरी रिसीव्हरच्या कानांत ओरडूं नयेत म्हणून मोटरीच्या टोकांवर बशीसारखे लहान कपॅसिटर सोल्डर केलेले असतात. त्यांतील एखादा तुटला असला म्हणजे गाडीस असें वेड लागतें. तो परत लावण्यास दोन मिनिटें पुरतात.

राहतां राहिला क्रिस्टल. जुने संच २७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तेथें सहा जागा ठरलेल्या आहेत व प्रत्येकीस रंग आहे: तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. एकाच रंगाच्या दोन गाड्या एका मैदानांत आणल्या तर एकाच्या हुकमावर दोन्ही नाचतात. म्हणून पूर्वीं ट्रान्समीटरच्या काठीस त्या त्या रंगाचें निशाण बांधीत. पिवळ्या जोडीपैकीं ट्रान्समीटरचा क्रिस्टल २७.१४५ मेगाहर्ट्झचा असतो, पण रिसीव्हरचा २६.६९० चा. छापलेले आंकडे जुळत नाहींत म्हणून कोणी ‘दुरुस्त’ करण्यास जाऊं नये. दोहोंतील ०.४५५ चा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, व त्याच फरकावर रिसीव्हरचें सर्व काम चालतें. क्रिस्टलांची अदलाबदल केली कीं संच मुका होतो. रिसीव्हरमधून लोंबणारी लांब तारहि कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेनें कापूं नये; तोच त्याचा कान आहे.

आतां वादाच्या मुद्द्याकडे येऊं. काय बदलावें व काय ठेवावें? रबराचे टायर चाळीस वर्षांत कडक होऊन तडकतात. ते बदलावेत, यांत दुमत नसावें. झिजलेलीं बुशें, दांत गेलेलीं चाकें, तीहि बदलावींत. सुदैवानें तामिया कंपनीनें २००५ सालीं ग्रासहॉपर पुन्हां काढली, त्यामुळें पुष्कळसे भाग नवे मिळूं शकतात. परंतु हेंच सुदैव मोहाचें मूळ झालें आहे. भाग मिळतात म्हणून एकेक करीत सर्वच बदलले जातात, आणि शेवटीं जुन्या गाडीचें नुसतें नांव उरतें. आमची कसोटी साधी आहे: ज्या भागावांचून गाडी धांवत नाहीं तो बदलावा, जो भाग नुसता म्हातारा दिसतो त्यास राहूं द्यावें. आणि जें नवें बसवावयाचें तें असें बसवावें कीं उद्यां कोणास वाटलें तर तें काढून जुनें परत लावतां यावें. एका मैदानांत पुष्कळ गाड्या धांवणार असतील तर हल्लींचा २.४ गिगाहर्ट्झचा संच खुशाल वापरावा, त्यांत टकरीचें भय नाहीं. मात्र जुना संच कागदांत गुंडाळून, नांव लिहून, जपून ठेवावा.

पांढरें प्लास्टिक पिवळें पडतें. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हांत ठेवल्यास तें पुन्हां पांढरें होतें खरें, पण पुष्कळदां पिवळेपणा परत येतो. असल्या उपचारास आम्ही आजीच्या केसांस कलप लावण्याच्या पंक्तीस बसवितों. कोमट पाणी, साबण व जुना दांत घांसण्याचा ब्रश यांनीं जेवढें निघेल तेवढेंच काढावें. थिनर किंवा पेट्रोल यांस तर प्लास्टिकच्या जवळहि येऊं देऊं नये.

आमच्याकडील गाडींत चालक म्हणून जो प्लास्टिकचा बाहुला होता, त्याचें शिरस्त्राण भलत्याच गुलाबी रंगाचें होतें. चौकशी केली तेव्हां वडील संकोचानें म्हणाले, ‘‘त्या वेळीं रंग मिळाला नाहीं. आत्याच्या नखांचा रंग लावला होता.’’ तो खरवडून पेटीवरील चित्राप्रमाणें नीट रंगवावा, अशी त्यांची इच्छा होती. आम्हीं सांगितलें, तेवढें मात्र करूं नका. पेटीवरील चित्राप्रमाणें रंगविलेले बाहुले जगांत असंख्य असतील. आत्याच्या नखांचा रंग लावलेला हा एकच. मुलाला हें तत्काळ पटलें. वडिलांस पटण्यास वेळ लागला, आणि कपाटाचा बेत तर त्यांनीं अजूनहि सर्वस्वीं सोडलेला नाहीं.

कपाटाविषयींहि बोललें पाहिजे, कारण या छंदांत एक पंथ असा आहे कीं ज्यास न उघडलेली पेटीच मोलाची वाटते. आंतील पिशव्यांचीं मोहोरबंद तोंडें शाबूत असलीं कीं किंमत चढते, आणि गाडी जोडली कीं उतरते! शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकरानें तें चोरलें नव्हतें, उधळलेंहि नव्हतें, अगदीं जसेंच्या तसें परत केलें होतें. तरी त्याला शाबासकी मिळाली नाहीं. संग्रहालयांत एखादी न उघडलेली पेटी असावी, हें आम्ही मान्य करूं. घरांत मात्र तिचा उपयोग काय?

पालकांकडून दोन आक्षेप येतील. पहिला वेळेचा. परीक्षा तोंडावर असतां मुलानें स्क्रू मोजीत बसावें काय? परीक्षेच्या महिन्यांत बसूं नये, हें खरेंच. पण दिवाळीची व मे महिन्याची सुटी मोबाइलच्या पडद्यावर कशी विरघळून जाते हें ज्या घरांनीं पाहिलें आहे, त्यांनीं हा आक्षेप फार जोरानें मांडूं नये. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक खरा आहे. परदेशी गाडी, परदेशी भाग. हा छंद गरिबाचा नव्हे. आम्ही कोणास अशी गाडी विकत घ्या असें सांगत नाहीं. जिच्या घरीं ती पडून आहे त्यांनीं ती उघडावी, एवढेंच म्हणतों. आणि जिच्या घरीं नाहीं त्यांच्याहि घरीं जुना रेडिओ, शिलाई यंत्र, सायकलचा डायनॅमो, बंद पडलेलें गजराचें घड्याळ यांपैकीं कांहीं ना कांहीं असतेंच. वीजपुरवठ्याची तार काढून ठेवलेली असावी आणि वडील माणूस शेजारीं असावें, मग तेंहि उघडण्यास हरकत नाहीं.

आम्हांस खरी चिंता वाटते ती निराळीच. हल्लीं आपण मुलांस वाढदिवसाला जीं खेळणीं देतों त्यांतील कित्येकांस स्क्रूच नसतात. दोन अर्धीं एकमेकांस चिकटविलेलीं असतात. उघडावयाचीं तर फोडावींच लागतात. तीं बिघडलीं कीं मूल रडतें, आपण नवें आणतों, आणि बिघडलेली वस्तु म्हणजे संपलेली वस्तु हा धडा त्यास वयाच्या पांचव्या वर्षीं मिळतो. दुकानांत खेळणें हातीं घेतल्यावर आपण किंमत पाहतों, रंग पाहतों. तें उलटें करून खालीं स्क्रू आहेत कीं नाहींत हेंहि पाहण्याची संवय पालकांनीं लावून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.

जुनी गाडी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं ती दिवाळीच्या साफसफाईपर्यंतहि तशीच ठेवूं नये. पावसाळ्यांतील दमट हवेंत पाझरलेल्या सेलचें काम अधिक झपाट्यानें चालतें. गाडी उघडण्यास सवड नसली तर नसो. ट्रान्समीटरच्या पाठीचें झांकण सरकवून आंतील सेल तेवढे आज संध्याकाळीं काढून ठेवावेत.